पापा म्हणजे कोण आणि पापा म्हणजे काय?



आज आम्ही तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द आहे स्पॅनिश भाषेतला, आणि इतका सोपा की दात न आलेल्या बाळालाही म्हणता यावा. तो शब्द म्हणजे ‘पापा’. पण या दोन अक्षरांनी आमच्या घरात एके दिवशी असा काही गोंधळ घातला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाच्या घशाखाली धड घास उतरला नाही. मोठ्यांनी हे वाचावे आणि ज्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही त्यांना जवळ बसवून वाचून दाखवावे, ही विनंती.

आधी घरातली माणसे सांगतो, म्हणजे गोष्ट नीट कळेल. आम्ही आणि आमच्या मंडळी १९६९ साली मुंबईहून इस्राएलला आलो आणि अश्दोदला बिऱ्हाड केले. आमच्या थोरल्या मुलीचा मुलगा सैन्यातून सुटल्यावर, २०१६ साली, पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघाला. इथली मुले सैन्यातून सुटली की एक तर भारतात जातात, नाहीतर दक्षिण अमेरिकेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही म्हटलं, ‘‘अरे, आपलं अलिबाग बघून ये, रेवदंडा बघून ये.’’ तर हा गेला पेरूला! आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘‘पेरूच हवे होते तर इथल्या बाजारात काय कमी आहेत?’’

तिथे कुस्को गावी त्याला एक मुलगी भेटली. ती निघाली कुठली? तर अश्दोदचीच! आमच्या घरापासून तीन बसथांबे लांब राहणारी. समोरासमोर यायला दोघांना अर्धे जग ओलांडावे लागले. योग म्हणतात तो हाच. मुलीचे घराणे आर्जेंटिनाचे. २००१ च्या अखेरीस त्या देशाची आर्थिक घडी पार विस्कटली, लोकांचे पैसे बँकांत अडकले, आणि पुढच्या वर्षी हजारो ज्यू माणसे तिथून इकडे आली. त्यांतच हे कुटुंब होते.

आमच्या नातसुनेच्या आजीला सगळे ‘बोबे’ म्हणतात. आर्जेंटिनातल्या आश्केनाझी घरांत आजीला हीच हाक मारतात. शब्द यिद्दिशचा. आम्हीही त्यांना बोबेच म्हणतो. आता आमचा पणतू चार वर्षांचा आहे. त्याच्या कानावर चार भाषा पडतात. आईकडून स्पॅनिश, बापाकडून हिब्रू, दूरदर्शनवरून इंग्रजी आणि आमच्याकडून थोडी मराठी. बापाला तो ‘अब्बा’ न म्हणता आईचे ऐकून ‘पापा’ म्हणतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत, आणि सगळा घोरही, इथेच आहे.

त्या सोमवारी काय झालं

२१ एप्रिल २०२५, सोमवार. पेसाह नुकताच संपला होता. आमचा नातू मिलुइमवर, म्हणजे राखीव सैनिकांच्या बोलावण्यावर, गेलेला. नातसून कामावर. पणतूच्या अंगात थोडी कणकण होती म्हणून त्याला गानला न पाठवता आमच्याकडे ठेवले होते. बोबेही मदतीला आल्या होत्या.

सकाळी अकराच्या सुमारास बोबेंचा फोन वाजला. ब्वेनोस आइरेसहून त्यांची बहीण बोलत होती. बोबे ऐकत राहिल्या, मग कपाळाला हात लावून मोठ्याने म्हणाल्या, ‘‘मुरियो एल पापा!’’

पणतू जमिनीवर ठोकळे रचत बसला होता. त्याचा हात तसाच थांबला. ‘मुरियो’ हा शब्द त्याला ठाऊक होता. महिन्यापूर्वी त्याचा मासा मेला तेव्हा बोबेंनी हाच शब्द वापरला होता. तो उठला, आमच्या मंडळींकडे धावला आणि ओरडला, ‘‘पापा मेत! पापा मेत!’’

‘मेत’ म्हणजे मेला, हे इथल्या प्रत्येकाला कळते. आमच्या मंडळी मटकन खुर्चीत बसल्या. बोबेंच्या कानाला फोन होता, त्यांचा चेहरा उतरलेला होता, म्हणजे बातमी त्याच फोनवरून आली असणार. त्या दोन मिनिटांत आम्हाला काय वाटले ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरचे माणूस मिलुइमवर गेलेले आहे त्यांना ते सांगायला नको.

मग बोबेंच्या ध्यानात आले. फोन बाजूला टाकून त्या हात हलवत म्हणाल्या, ‘‘नो, नो! एल पापा दे रोमा! रोमचा!’’ तेव्हा कुठे उलगडा झाला. वारले होते ते पोप फ्रान्सिस. ते मूळचे ब्वेनोस आइरेसचे, पोप होण्याआधी त्याच शहराचे आर्चबिशप होते, म्हणून बहिणीने लगोलग फोन केला होता. हिब्रूत पोपना ‘आपिफ्योर’ म्हणतात. मराठीत आपण ‘पोप’ म्हणतो. त्यामुळे ‘पापा’ ऐकून आम्हाला पोप सुचलेच नाहीत.

आम्हाला कळले, पण लेकराला कसे कळावे? त्याच्या जगात पापा एकच. ‘रोमचा पापा’ म्हटल्यावर त्याला वाटले आपला बाप रोमला गेला आणि तिथे मेला. तो आणखीच रडायला लागला. आम्ही नातवाला फोन लावला. बंद. नातसुनेला लावला. ती म्हणाली, ‘‘सकाळी निरोप आला होता त्याचा, सगळं ठीक आहे. पण आता फोन रात्रीच चालू होईल.’’ रात्रीला अजून नऊ तास होते.

टोपलीतले बटाटे

बोबे स्वयंपाकघरात गेल्या आणि पेसाहसाठी आणलेल्यांतले उरलेले बटाटे टोपलीसकट घेऊन आल्या. पेसाहच्या दिवसांत पाव नाही, चपाती नाही, तेव्हा बटाट्यांवरच तर घर चालते. एक बटाटा त्यांनी लेकराच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘हीसुद्धा पापा. ही रडते का? ही तुझा बाप आहे का?’’

लेकराने बटाट्याकडे पाहिले, हुंदका आवरला आणि मान हलवली. तिथून आमची शाळा सुरू झाली. बोबे, आम्ही, आमच्या मंडळी आणि तो, असे चौघे बटाटे सोलत बसलो आणि संध्याकाळपर्यंत ‘पापा’ या शब्दाची साले काढली. त्या दिवशी जे शिकलो आणि नंतर पुस्तकांत पाहून जे ताडून घेतले, ते आता तुम्हाला सांगतो.

जोर कुठे?

पहिली गोष्ट जोराची. ‘पाऽपा’ असा पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ पोप, नाहीतर बटाटा. ‘पापाऽ’ असा शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर बाबा, वडील. स्पॅनिशचा नियम असा की शब्दाच्या शेवटी स्वर असला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. तसा पडत नसेल तर जिथे पडतो त्या स्वराच्या डोक्यावर एक छोटी तिरकी रेघ देतात. तिला ‘तिल्दे’ म्हणतात. वडिलांच्या शेवटच्या ‘आ’वर ही रेघ असते. बटाट्याच्या आणि पोपच्या डोक्यावर रेघ नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जोराने काय होते? अहो, मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. हिब्रूत तर ‘बीऽरा’ म्हटले की बाटलीतली बीयर आणि ‘बिराऽ’ म्हटले की देशाची राजधानी, आणि दोन्हींची अक्षरे तीच! नवे ओलिम या शब्दावर किती वेळा अडखळतात ते आपण पाहिलेच आहे. शिवाय स्पेनच्या काही खेड्यांत वडिलांनाही पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘पाऽपा’ म्हणतात. मग चार वर्षांच्या पोराने घोळ केला तर त्याला कोणी हसू नये.

पहिला पापा : रोमचा

‘एल पापा’ म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे मुख्य धर्मगुरू. शब्दाच्या शेवटी ‘आ’ असूनही तो पुल्लिंगी, म्हणून आधी ‘एल’ लागते. मूळ शब्द ग्रीक, त्याचा अर्थ ‘बाप’, बाळाने मारावी तशी हाक. म्हणजे आमच्या पणतूची चूक तशी चूक नव्हतीच. त्याने शब्दाचा मूळ अर्थ बरोबर पकडला होता! आपल्या कोकणात पोर्तुगीज आले, त्यांच्या धर्मगुरूला आपण ‘पाद्री’ म्हणू लागलो. तो शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, आणि त्याचाही अर्थ ‘बाप’च.

फ्रान्सिस २०१३ च्या मार्चमध्ये पोप झाले. २०१४ च्या मे महिन्यात ते यरुशलेमला आले होते आणि कोतेलच्या दगडांत त्यांनी चिठ्ठी ठेवली होती. काही वाचकांना ते आठवत असेल. त्यांच्यामागून ८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे निवडून आले. त्यांचा जन्म शिकागोचा, पण कित्येक वर्षे त्यांनी पेरूत काम केले आणि पेरूचे नागरिकत्वही घेतले. ते ऐकून बोबे म्हणाल्या, ‘‘घ्या! आता पापाच्या देशातून पापा आला!’’ हा विनोद कळायला दुसरा पापा माहीत हवा.

दुसरी पापा : जमिनीखालची

‘ला पापा’ म्हणजे बटाटा. ही स्त्रीलिंगी. शब्द स्पेनचा नव्हेच. तो केचुआ भाषेतला, म्हणजे पेरू-बोलिविया भागातल्या डोंगरी लोकांच्या बोलीतला. आंदीस पर्वतात, तितिकाका सरोवराच्या आसपास, सात-आठ हजार वर्षांपासून माणसे बटाटा लावत आली आहेत. तिथे बटाट्याच्या हजारो जाती आहेत. काळे, जांभळे, पिवळे, बोटांसारखे लांब आणि गाठीगाठींचे. रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर गोठू देतात, मग पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बटाट्याचा कीस वाळवतात ना? त्याचाच हा थोरला भाऊ. आमच्या नातवाने कुस्कोच्या बाजारात चुन्यो खाल्ला होता. चव विचारली तर म्हणाला, ‘‘सबाबा नाही, पण भूक लागली की चालतो.’’

स्पॅनिश लोक पेरूत पोहोचले १५३२ साली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत बटाटा स्पेनला आला. सेव्हिल शहरातल्या एका इस्पितळाच्या १५७० नंतरच्या हिशेबांत त्याची खरेदी सापडते. पण गंमत अशी की खुद्द स्पेनमध्ये आज बटाट्याला ‘पापा’ न म्हणता ‘पाताता’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि स्पेनच्या दक्षिण टोकाला मात्र ‘पापा’च. मग हा ‘पाताता’ कुठून आला? तर त्याच्यात दोन शब्दांची सरमिसळ झाली. एक ‘पापा’ आणि दुसरा ‘बताता’.

आणि आमची रताळी

‘बताता’ म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. आमचेही टवकारले, कारण या शब्दाने आम्हाला एकदा चांगलेच फसवले होते. १९६९ साली नवीन आलो तेव्हाची गोष्ट. शब्बाथला बटाटेवडे करायचे ठरले. हिब्रू येत नव्हती. शूकमध्ये जाऊन आम्ही दुकानदाराला म्हटले, ‘‘बटाटा, बटाटा, दोन किलो.’’ त्याला लगेच कळले. त्याने कागदी पिशवी भरून दिली. आम्ही मोठ्या दिमाखात घरी आलो. मंडळींनी पिशवी उपडी केली तर आत रताळी!

हिब्रूत ‘बताता’ म्हणजे रताळे. बटाट्याला म्हणतात ‘तपुआह अदामा’, म्हणजे मातीतले सफरचंद. त्या शब्बाथला आम्ही रताळ्याचे वडे खाल्ले आणि कितीतरी वर्षे स्वतःलाच हसत राहिलो. पण बोबेंनी त्या दिवशी सांगितले की आर्जेंटिनातही ‘बताता’ म्हणजे रताळेच. त्याची गोड वडी करून चीजबरोबर खातात. म्हणजे दुकानदार बरोबर होता. ‘बताता’ हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ रताळे. कोलंबसाच्या लोकांनी तो तिथे ऐकला. पुढे पोर्तुगीजांनी तोच शब्द बटाट्याला लावला, बटाटा आणि शब्द दोन्ही आपल्या किनाऱ्यावर उतरवले, आणि आपण म्हणू लागलो ‘बटाटा’. उत्तरेकडे मात्र ‘आलू’ राहिला. रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला आपल्या गावांपासून काही लांब नव्हता. चूक आमची नव्हती मंडळी, पोर्तुगीजांची होती!

मुलांनो, कोलंबसाचे नाव निघाले म्हणून एक सांगतो. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यू लोकांना देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. जुलैअखेर मुदत संपली आणि ३ ऑगस्टला कोलंबसाची जहाजे निघाली. त्या जहाजांवर लुइस दे तोर्रेस नावाचा एक दुभाषी होता. तो जन्माने ज्यू होता, निघण्याआधी त्याला ख्रिस्ती व्हावे लागले. त्याला हिब्रू येत होती, अरामी येत होती. बेटांवर त्या भाषांचा काय उपयोग होणार? पण नव्या जगात पहिल्यांदा उतरलेल्या माणसांत आपल्यापैकी एक होता. आणि जे ज्यू स्पेनमधून हाकलले गेले त्यांनी स्पॅनिश भाषा टाकली नाही. तुर्कस्तानात, ग्रीसमध्ये पाचशे वर्षे ते ती घरात बोलत राहिले. तीच लादिनो. सलोनिकीच्या लादिनो बोलणाऱ्या घरांत आजोबांना म्हणत ‘पापू’. तो मात्र शेजारच्या ग्रीकांकडून घेतलेला.

तिसरा पापा : घरचा, आणि चौथी वाटीतली

‘एल पापाऽ’ म्हणजे बाबा. अनेकवचन ‘लोस पापाऽस’. त्याचा अर्थ नुसते ‘बाप लोक’ असा नाही. ‘मिस पापाऽस’ म्हणजे माझे आईवडील. आई त्यात आपोआप आली. आमच्या मंडळींना हे मुळीच पटले नाही.

याशिवाय लहान बाळाला भरवायच्या मऊ पेजेलाही जुन्या स्पॅनिशमध्ये ‘पापा’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधला, बाळाने जेवण मागताना म्हणायचा. आपल्याकडे बाळ ‘मंमं’ म्हणते तसा. आजही बाळाच्या पेजेला ‘पापीया’ म्हणतात. बोबे आर्जेंटिनाच्या, म्हणून त्या म्हणतात ‘पापीशा’.

सगळीकडे हेच आवाज का? कारण बाळाला ओठ मिटून उघडले की ‘मा’ आणि ‘पा’ आपोआप येतात. मग त्यांना अर्थ काय द्यायचा ते मोठी माणसे ठरवतात. स्पॅनिशमध्ये ‘मामाऽ’ म्हणजे आई. मराठीत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ. आणि आमच्या शेजारी जॉर्जियाचे ज्यू राहतात, त्यांच्या भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप! आमच्या जिन्यात एखादे पोर ‘मामा’ म्हणून ओरडले तर कोणत्या घराचे दार उघडेल ते सांगता येत नाही.

बोलण्यातली पापा

आता काही वाक्प्रचार. ‘नो साबेर नि पापा’ म्हणजे ‘बटाट्याएवढंही ठाऊक नसणं’, आपण म्हणतो ‘ओ की ठो कळत नाही’. कठीण भानगड एकाने दुसऱ्याच्या गळ्यात टाकली की ती ‘पापा कालिएन्ते’, हात भाजणारा बटाटा. आर्जेंटिनात ‘एस ऊना पापा’ म्हणजे ‘अगदी सोपं’. पण स्पेनमध्ये एखाद्या वस्तूला ‘पाताता’ म्हटले की ती कुचकामी. ‘क्वान्दो लास पापास केमान’, म्हणजे ‘बटाटे भाजू लागतात तेव्हा’, अर्थात आणीबाणीची वेळ. तोंडात बटाटा धरून बोलणे म्हणजे मोठेपणाचा आव आणून बोलणे. आणि ‘पोपहूनही अधिक पोपवादी’ म्हणजे आपला ‘राजापेक्षा राजनिष्ठ’.

त्या दुपारी बोबेंनी लेकरासाठी एक वाक्य जुळवले. बच्चेकंपनी, तुम्हीही म्हणून पाहा, जोर सांभाळून. ‘‘मि पापाऽ पेला पाऽपास पारा एल पाऽपा.’’ म्हणजे, माझे बाबा पोपसाठी बटाटे सोलतात. पाच वेळा न चुकता म्हणता आले तर आजीकडून एक वडा बक्षीस.

पाचवा पापा : आपला

बोबेंनी मग विचारले, ‘‘तुमच्या भाषेत पापा म्हणजे काय?’’

आमच्या मंडळी गप्प राहिल्या. आम्हाला कारण ठाऊक होते. मराठीत ‘पापा’ म्हणजे लहान मुलाने द्यायचा मुका, हे वडील वाचकांना सांगायला नको. पणतू दीड वर्षाचा असताना त्या त्याला मांडीवर घेऊन म्हणायच्या, ‘‘पापा दे रे राजा, आजीला पापा दे.’’ तो बापाकडे बोट दाखवायचा. एकदा तर टोपलीतून बटाटा आणून त्यांच्या हातावर ठेवला. सगळे पोट धरून हसले, आम्हीही हसलो. त्या दिवसापासून त्यांनी ‘पापा दे’ म्हणणे सोडले. हिब्रूत ‘नेशिका’ म्हणू लागल्या. हळूहळू ‘ये रे’, ‘बस रे’, ‘जेवलास का’ हेही बंद झाले. आम्हाला ते दिसत होते, पण आम्ही बोललो नाही. तीन भाषांत आपली चौथी कशाला, असे म्हणून मनाची समजूत घातली होती.

आता त्यांनी बोबेंना सगळे सांगितले. बोबेंनी हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, ‘‘माझी आई माझ्याशी यिद्दिशमध्ये बोलायची. रस्त्यात बोलली की मला लाज वाटायची. मी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची. शेवटी तीही स्पॅनिशमध्ये बोलू लागली, मोडकीतोडकी. आज यिद्दिशमधला एक शब्द माझ्याकडे उरलाय, तोही लोक मला हाक मारतात तेवढाच. हसलं तर हसू दे पोरं. तुम्ही का थांबलात?’’

आमच्या मंडळी काही बोलल्या नाहीत. बटाट्यांची भाजी फोडणीला टाकली, मोहरी-कढीपत्ता घालून. बोबेंनी दोनदा घेतली.

रात्री आठला फोन वाजला. नातसूनही तोवर आली होती. लेकराने फोन दोन्ही हातांनी धरला. आधी नुसताच श्वास ऐकत राहिला. मग स्पॅनिशमध्ये विचारले, ‘‘तू पापाऽ आहेस ना? पाऽपा नाहीस ना?’’

तिकडून दमलेला आवाज आला, ‘‘काय? बटाटा? मी?’’

सगळे हसले. नातसून हसता हसता दुसऱ्या खोलीत निघून गेली. आमच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला, मग लेकराजवळ जाऊन म्हणाल्या, ‘‘फोनला पापा दे रे राजा.’’ तो गोंधळला. त्यांनी त्याच्या गालावर मुका घेऊन दाखवला. त्याने फोनवर ओठ टेकवले.

नातू मिलुइमवरून तीन आठवड्यांनी घरी आला. आता आमच्याकडे पापा पाच प्रकारचे आहेत आणि पणतूला सगळे वेगळे ओळखता येतात. मंडळी ‘पापा दे’ म्हणाल्या की तो आधी विचारतो, ‘‘कुठला?’’ आणि मग तोच ठरवतो. कधी बटाटा मिळतो, कधी मुका.

वडील मंडळींनो, तुमच्या घरातही असा एखादा मराठी शब्द असेल, जो हसू होईल म्हणून तुम्ही नातवंडांपुढे बोलायचा सोडला असेल. तो आज जेवताना एकदा बोलून पाहा. आणि मुलांनो, आजीआजोबांना विचारा, एकाच आवाजाचा मराठीत एक अर्थ आणि हिब्रूत दुसरा, असे शब्द कोणते? दहा गोळा करून आम्हाला लिहून पाठवा. आम्ही वाट पाहतो.

शालोम.